मराठी अक्षरांची मापं काढताना

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातल्या उंद्री गावाचं नाव संगणकावर लिहायला युनिकोडचे सहा संकेत लागतात : उ, अनुस्वार, द, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी. कागदावर मात्र बहुतेक फॉन्टांत चारच आकृत्या उमटतात : उ, त्यावरचं टिंब, द्र हे जोडाक्षर आणि वेलांटी. वाचणाऱ्याला तर दोनच अक्षरं दिसतात, उं आणि द्री. नाव एकच, पण त्याची रुंदी काढायची तर मोजायचं काय? सहा संकेत, चार आकृत्या की दोन अक्षरं? जुळणीच्या सॉफ्टवेअरमधून चिन्हांची मापं काढणाऱ्या स्क्रिप्टा जगात पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेल्या असल्यामुळे त्यांना हा प्रश्न पडलेला नाही. मराठीत काम करणाऱ्याला तो पहिल्याच ओळीला पडतो.

अक्षराच्या मापावर छपाईतलं जवळजवळ सगळं अवलंबून असतं. ओळ कुठे तुटणार, परिच्छेद किती ओळींचा होणार, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडणार का, हे माप कळल्याशिवाय ठरत नाही. जुळणीच्या सॉफ्टवेअरला ही मापं माहीत असतात आणि ते ती आपल्यापुरती वापरतं. पण तीच मापं बाहेरही हवी असतात. वेबपानावर समीकरण मांडायचं असतं. प्रमाणपत्राच्या चौकटीत लांबलचक नाव बसेल का, हे छापण्याआधी पाहायचं असतं. शब्दकोशाचे रकाने आखायचे असतात, नकाशावर गावांची नावं एकमेकांवर चढू द्यायची नसतात. अशा वेळी मापं सॉफ्टवेअरकडून मागून घ्यावी लागतात. शेकडो चिन्हं पडद्यावर पट्टी लावून मोजणं कुणाला शक्य नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहायची : एक छोटा प्रोग्राम, जो एकेक चिन्ह सॉफ्टवेअरपुढे ठेवतो, त्याचं माप विचारतो आणि उत्तर तक्त्यात उतरवून घेतो.

खिळ्यांच्या काळात माप हातात धरता येत असे. शिशाचा खिळा जितका रुंद, तितकी अक्षराची रुंदी. देवनागरीची अडचण तेव्हाही आजचीच होती : अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, आणि मधल्या पट्ट्यात जोडाक्षरांची भलीमोठी फौज. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे घडवले. पुढे जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांनी मराठी-संस्कृत ग्रंथांना त्यांचं ओळखीचं रूप दिलं. जुळणीच्या दोन रीती रूढ होत्या. अखंड खिळ्यांत अक्षर आणि त्याची मात्रा एकाच खिळ्यावर ओतलेली असे, त्यामुळे खिळ्यांची संख्या अफाट वाढे. डिग्रीच्या खिळ्यांत मधल्या अक्षरांची ओळ वेगळी, वरच्या मात्रांची वेगळी आणि खालच्या उकारांची वेगळी. या तीन ओळी जुळवून जुळारी वाचकासाठी एक ओळ तयार करी. मात्रा नेमकी कोणत्या अक्षरावर येणार, हे वरच्या ओळीत किती रुंदीचे कोरे तुकडे बसवले यावर ठरे. म्हणजे जुळाऱ्याचं दिवसभराचं काम हा रुंदीचाच हिशेब होता. फक्त तो त्याच्या बोटांत होता, कुठे लिहून ठेवलेला नव्हता.

यंत्रांनी हा हिशेब आकड्यांत आणला. मोनोटाइपनं एमचे, म्हणजे रुंदीच्या मूळ मापाचे, १८ भाग पाडले आणि प्रत्येक अक्षराची रुंदी त्या भागांत बसवली. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा होत्या, त्यांत देवनागरी कोंबायची तर आकृत्या कमी करणं भागच होतं. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी हाती घेतलेल्या खटपटीतून १९० टायपांचा संच निघाला. शं. रा. दाते यांनी देवनागरी मोनोटाइपवर आणण्यासाठी कष्ट घेतले. बापूराव नाईक यांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानं प्रसिद्ध केला. मराठी मुद्रक आणि लिपीचे अभ्यासक या प्रश्नाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले आहेत. आजच्या स्क्रिप्टा त्याच कामाचा पुढचा टप्पा आहेत.

या टप्प्याची सुरुवात मराठीबाहेर झाली. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले डोनाल्ड क्नूथ यांच्यापुढे त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. फोटो-जुळणीवर काढलेली ती पानं त्यांना इतकी खटकली की त्यांनी जुळणीचा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो म्हणजे टेक्. त्याची पहिली आवृत्ती १९७८ मध्ये चालू झाली, आणि गणिताची जुळणी करणारे लोक आजही त्याच्यावर आणि त्याच्यापासून निघालेल्या लाटेक्‌वर विसंबतात. टेक्‌ची एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं : टेक्‌ला अक्षराचा आकार दिसतच नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर ही एक चौकट असते. तिला रुंदी असते, आधाररेषेच्या वर उंची असते, खाली खोली असते. शिवाय तिरक्या अक्षरापुढे किती जागा वाढवायची त्याचा एक आकडा असतो. हे चार आकडे टीएफएम नावाच्या छोट्या फाइलीत असतात. टेक् मोजतं ते पॉइंटाच्या ६५,५३६व्या भागात, आणि त्याच्या हिशेबानं एका इंचात ७२.२७ पॉइंट असतात.

म्हणून टेक्‌कडून माप काढणं हे मुळात दोन ओळींचं काम आहे. अक्षर एका चौकटीत ठेवायचं आणि चौकटीची रुंदी, उंची, खोली छापायला सांगायची. क्नूथ यांच्या कॉम्प्युटर मॉडर्न कुळातला दहा पॉइंटांचा सरळ फॉन्ट घेतला, तर मोठ्या रोमन ‘ए’ची रुंदी ७.५०००२ पॉइंट आणि उंची ६.८३३३१ पॉइंट मिळते, खोली शून्य. छोट्या ‘जी’ला मात्र आधाररेषेखाली १.९४४४४ पॉइंट खोली असते, कारण त्याचं शेपूट खाली उतरतं. स्क्रिप्ट हेच काम शेकडो चिन्हांसाठी न थकता करते.

याचं सगळ्यांच्या वापरात असलेलं उदाहरण म्हणजे केटेक्. खान अकॅडमीनं २०१४ मध्ये ते खुलं केलं. ब्राउझरमध्ये गणिताची समीकरणं टेक्‌च्या तोडीची दिसावीत आणि झटपट दिसावीत, हा त्याचा हेतू. ब्राउझरला टेक्‌ची मापं कळत नाहीत, म्हणून केटेक्‌च्या कर्त्यांनी मापं उपसणाऱ्या स्क्रिप्टा लिहिल्या. एक पर्लमधली, जी कोणतं चिन्ह टेक्‌च्या कोणत्या फॉन्टात आहे ते जुळवते. दुसरी पायथनमधली, जी टीएफएम फाइली वाचते. निघालेला तक्ता जावास्क्रिप्टच्या फाइलीत जातो. त्यात प्रत्येक चिन्हापुढे पाच आकडे : खोली, उंची, तिरकेपणाची दुरुस्ती, डोक्यावरच्या चिन्हासाठी सरक आणि रुंदी. मोठ्या ‘ए’पुढे तिथे उंची ०.६८३३३ आणि रुंदी ०.७५ दिसते. वर टेक्‌नं दिलेल्या मापांना दहानं भागलं की नेमके हेच आकडे येतात. पुस्तकाच्या पानावरचं माप असं फोनच्या पडद्यापर्यंत पोचलं, ते एका स्क्रिप्टमुळे.

हीच स्क्रिप्ट मराठीला लावून काम भागत नाही. कारण टीएफएमच्या घडणीतच आहे. त्या फाइलीत जास्तीत जास्त २५६ चिन्हं मावतात. उंचीच्या किमती शून्य धरून १६च चालतात, खोलीच्याही तितक्याच. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत मात्रेची उंची वेगळी, रफार आणि अनुस्वार एकत्र आले की वेगळी, चंद्रबिंदूची वेगळी. सोळापेक्षा जास्त किमती झाल्या की फॉन्ट बनवणारा मेटाफॉन्ट प्रोग्राम जवळच्या किमती एकत्र करून टाकतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले फ्रान्स वेल्थइस यांनी १९९१ मध्ये टेक्‌साठी देवनागरी आणली, ती याच मर्यादेत राहून. त्यांच्या रचनेत मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा, मग एक आधीचा प्रोग्राम तो वाचून जोडाक्षरांचे तुकडे योग्य क्रमानं टेक्‌च्या हवाली करायचा. अशा फॉन्टातून निघणारं माप तुकड्याचं असतं, अक्षराचं नसतं.

आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांतही काही काळ हीच स्थिती होती. श्रीलिपी असो किंवा सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी फॉन्ट असोत, देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले असत. पेजमेकरमध्ये जुळवलेल्या लग्नपत्रिकेची फाइल दुसऱ्या संगणकावर फॉन्टाविना उघडली की निरर्थक रोमन अक्षरं दिसत, ती यामुळेच. अशा फॉन्टावर चालवलेली स्क्रिप्ट रोमन अक्षराचं नाव सांगते आणि माप देते ते अर्ध्या क-चं किंवा एखाद्या सुट्या वेलांटीचं. जुन्या मजकुराची मापं काढायची तर कोणत्या घरात कोणता तुकडा आहे, याची यादी आधी हाताशी हवी.

युनिकोडनं हा गोंधळ मिटवला. त्यात देवनागरीला १२८ घरांचा पट्टा मिळाला आणि जोडाक्षरांना मुद्दामच घरं दिली नाहीत. जोडाक्षर घडवणं हे फॉन्टाचं आणि आकार जुळवणाऱ्या प्रोग्रामचं काम ठरलं. ओपनटाइप फॉन्टात एक तक्ता प्रत्येक आकृतीची रुंदी सांगतो. दुसरा तक्ता द, हलन्त आणि र दिसले की त्यांच्या जागी द्र ठेवायला सांगतो. तिसरा अनुस्वाराचं टिंब अक्षराच्या डोक्यावर नेमकं कुठे टेकवायचं ते सांगतो. र. कृ. जोशी यांचा मंगल हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघर पोचला, तोही याच घडणीचा. हार्फबझसारखा प्रोग्राम हे तक्ते वाचून संकेतांच्या रांगेपासून आकृत्यांची रांग बनवतो. मराठीची मापं या रांगेतूनच घ्यायला हवीत, त्याआधी नाही. उंद्रीच्या सहा संकेतांच्या रुंद्या सुट्या घेऊन बेरीज केली तर सबंध द आणि सबंध र अशा दोन रुंद्या धरल्या जातात. छापलेल्या नावात मात्र त्यांच्या जागी एकटा द्र असतो. माप फुगतं आणि चौकट विनाकारण मोठी आखली जाते.

मापं मिळवण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली, फॉन्टाची फाइल थेट उघडून तक्ते वाचणं. पायथनमधलं फॉन्टटूल्स हे साधन त्यासाठी पुरतं. त्यातून सुट्या आकृतीची मापं मिळतात, जुळलेल्या अक्षराची नाहीत. दुसरी, हार्फबझला शब्द देऊन कोणत्या आकृत्या आल्या, प्रत्येकीनं किती जागा घेतली आणि कोण किती सरकली हे विचारणं. तिसरी, जुळणीच्या सॉफ्टवेअरलाच विचारणं. लुआटेक्‌मध्ये लुआ भाषेतून जुळलेल्या ओळीतल्या एकेका आकृतीपर्यंत जाता येतं. २०२० पासून टेक् लाइव्ह या संचामध्ये हार्फबझ बसवलेलं लुआटेक्‌ही मिळतं. इनडिझाइनला जावास्क्रिप्टमधून आणि स्क्रायबसला पायथनमधून प्रश्न विचारता येतात. मात्र इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या जुळवणारा कंपोझर चालू नसेल तर जोडाक्षरं तुटून पडतात आणि मापंही त्या तुटक्या आकृत्यांची येतात. तिसरी वाट संथ आहे, पण कागदावर जे छापलं जाणार त्याचं माप तीच देते. शंका आली की निकाल तिच्याकडून घ्यावा.

स्क्रिप्ट बरोबर चालते का, हे पाहायला परीक्षेचे शब्द लागतात. ते दूर शोधायची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या तेरा तालुक्यांची नावं या कामाला उत्तम. चिखलीत पहिली वेलांटी संकेतांत च-नंतर येते आणि कागदावर च-च्या आधी. स्क्रिप्टनं संकेतांचा क्रम धरला तर वेलांटीचं माप भलत्याच अक्षराच्या नावावर पडतं. सिंदखेड राजामध्ये त्याच वेलांटीच्या कमानीशेजारी अनुस्वार बसतो. नांदुऱ्यात अनुस्वार कान्याजवळ येतो आणि द-ला उकार लागतो. संग्रामपुरात ग्र आहे, मोताळ्यात ळ. मेहकरची मात्रा रुंदीत भर घालत नाही, पण उंची वाढवते. बुलढाण्यातला ल आणि शेगावातला श तर भाषेची परीक्षा घेतात. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठीसाठी त्यांची रूपं निश्चित केली आहेत. अनेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी असं सांगितलं तरच मराठी रूप पुढे येतं. स्क्रिप्टनं भाषा सांगितली नाही तर ती निमूटपणे हिंदी ल-चं माप देते. चूक दाखवणारा संदेश कुठेही येत नाही.

तालुक्यांच्या नावांत रफार नाही, म्हणून जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणारी पूर्णा नदी यादीत घ्यावी. तिच्या नावात र संकेतांत ण-च्या आधी आहे आणि रफार होऊन तो सगळ्यात शेवटी, कान्याच्या डोक्यावर जातो. वऱ्हाड हा शब्द हवाच. त्यातला अर्धा र आडव्या वळणाचा आहे आणि तो नीट न जुळवणारा फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ज्ञ-साठी ज्ञानगंगा अभयारण्य आहे. एवढ्या नावांचा तक्ता बरोबर आला की पुढच्या हजारो शब्दांवर विश्वास ठेवता येतो.

काही खाचखळगे असे आहेत, की अनुभवी माणसाचाही त्यात वेळ जातो. टेक् आपल्या लॉग फाइलीत ७९ अक्षरांनंतर ओळ तोडतं. स्क्रिप्ट लॉग वाचून आकडे गोळा करत असेल तर एखादा आकडा दोन ओळींत विभागला जातो आणि तक्त्यात अर्धाच उतरतो. उपाय साधा आहे : मापं लॉगमध्ये न छापता वेगळ्या फाइलीत लिहायला सांगावीत, तिथे ओळ तुटत नाही. दुसरा खळगा पॉइंटाचा. टेक्‌चा पॉइंट इंचात ७२.२७ आणि इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरचा ७२. दोन्हींची सरमिसळ झाली तर १६० मिलिमीटरच्या ओळीत ०.६ मिलिमीटरचा फरक पडतो. एवढ्यानं शेवटचा शब्द पुढच्या ओळीत जाऊ शकतो. तिसरा, जागा आणि शाई यांतला फरक. आकृती ओळीत जितकी जागा घेते ती तिची रुंदी. तिची शाई जिथपर्यंत पोचते ती वेगळी. अनुस्वाराची जागा बऱ्याच फॉन्टांत शून्य असते, शाई मात्र असते. वेलांटीची कमान स्वतःच्या जागेबाहेर पसरून शेजारच्या अक्षरावर जाते. काही फॉन्टांत तर अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांब-आखूड अशा अनेक पहिल्या वेलांट्या असतात. म्हणून “वेलांटीचं माप किती” या प्रश्नाला एक उत्तर नाही; कोणत्या अक्षरावरची वेलांटी, ते सांगावं लागतं.

उंचीचा प्रश्न आणखी वेगळा. रोमन अक्षरं आधाररेषेवर उभी असतात, देवनागरी शिरोरेषेला लटकते. फॉन्टाच्या फाइलीत छोट्या अक्षरांच्या उंचीचा जो आकडा दिलेला असतो तो बहुधा रोमन अक्षरांचा असतो. शिरोरेषेची उंची हवी असेल तर कान्याच्या आकृतीची वरची कड मोजावी. बहुतेक फॉन्टांत तीच शिरोरेषेची वरची कड असते. गणित आणि विज्ञानाच्या मराठी मजकुरात हे माप फार मोलाचं आहे. “समजा एक्स आणि वाय या दोन राशी” अशा वाक्यात समीकरणाची रोमन चिन्हं आणि मराठी शब्द एका ओळीत येतात. शिरोरेषा आणि रोमन अक्षराची उंची यांचं प्रमाण कळलं तरच दोन्ही लिप्यांचा आकार एकमेकांना शोभेल असा ठरवता येतो. नाहीतर रोमन चिन्हं थोराड दिसतात आणि मराठी मजकूर दबल्यासारखा वाटतो.

पुढच्या प्रकरणांत या कामाच्या पायऱ्या क्रमानं दिल्या आहेत. वाचक प्रोग्रामर असलाच पाहिजे असं नाही. चिखलीत किंवा खामगावात डीटीपीचं काम करणारा माणूस, पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, शाळेसाठी प्रश्नपत्रिका जुळवणारा शिक्षक, यांतल्या कुणालाही साधा संगणक आणि थोडी चिकाटी यांवर हे जमेल. लागणारी साधनं मोफत आहेत. फॉन्टही आहेत : मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात, म्हणून त्यांची मापं काढून ती छापायला कुणाची आडकाठी नाही.

खरी उणीव आहे ती खुल्या तक्त्यांची. रोमन गणिती चिन्हांची मापं केटेक्‌मुळे कुणालाही घेता येतात. मराठीच्या प्रत्येक कामात मात्र तेच मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं आणि काम संपलं की ते त्या संगणकातच राहतं. म्हणून वाचकाला एक विनंती आहे. ज्या फॉन्टात तुम्ही रोज काम करता, त्याची मापं काढा. तक्त्याच्या माथ्यावर फॉन्टाचं नाव, त्याची आवृत्ती, भाषेची खूण, मापाचं एकक आणि कोणत्या सॉफ्टवेअरनं मोजलं ते लिहा. एवढ्या पाच नोंदींशिवाय आकड्यांना किंमत नाही. मग तो तक्ता, तो काढणाऱ्या स्क्रिप्टसह, सगळ्यांसाठी खुला करा. चूक सापडली तर दुसरा कुणीतरी ती सुधारेल, आणि मराठी जुळणीचं साधन घडवणाऱ्या पुढच्या माणसाला मोजमापापासून सुरुवात करावी लागणार नाही.